रद्दीतला वेताळ

रद्दीवाल्याच्या तराजूला अक्षरओळख नसते. पारड्यात गेल्या महिन्याची वर्तमानपत्रे पडोत, दिवाळी अंक पडोत की चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे 'इंद्रजाल कॉमिक्स'चे अंक पडोत, काटा सारखाच हलतो. मराठी घरात माळा आवरण्याचा मुहूर्त दसरा-दिवाळीच्या आधी येतो आणि त्या चार दिवसांत जेवढा जुना छापील मजकूर घराबाहेर जातो, तेवढा वाळवीने वर्षभरात खाल्लेला नसतो. गेली कित्येक वर्षे मी हे जुने अंक, त्यातही मराठी अंक जमवतो आहे. ही गोष्ट डहाणू-बोर्डीपासून तलासरीपर्यंतच्या ओळखीपाळखीत पसरली असल्यामुळे त्या मुहूर्ताला मला हमखास निरोप येतात. "माळ्यावर एक गठ्ठा निघालाय, येऊन बघता का?" आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न, "त्याचे किती येतील हो?"

हा दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला हावरट म्हणायचे कारण नाही. अमेरिकेतल्या लिलावांच्या बातम्या आता आपल्याही वर्तमानपत्रांत येतात. सुपरमॅन ज्या अंकात पहिल्यांदा अवतरला तो 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक १९३८ साली १० सेंटला मिळत होता. त्याची एक प्रत २०१० साली १० लाख डॉलरना गेली, दुसरी एक प्रत २०१४ साली ३२ लाख डॉलरना, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये आणखी एक प्रत ६० लाख डॉलरना, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ५० कोटी रुपयांना विकली गेली. २०२५ च्या नोव्हेंबरात १९३९ सालच्या 'सुपरमॅन'च्या पहिल्या अंकाला ९० लाख डॉलरहून अधिक किंमत आली. ती प्रत मिळाली कुठे? कॅलिफोर्नियातल्या एका घराच्या माळ्यावर. आई वारल्यानंतर मुलांनी सामान आवरायला काढले, तेव्हा जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली, पुठ्ठ्याच्या खोक्यात. माळा, खोके, रद्दी! सगळे आपल्याच घरातल्यासारखे. मग आपल्या माळ्याकडे माणसाची नजर वळली तर नवल काय?

पण या किमतीमागचे गणित थोडे उलटे आहे. तो अंक लाखो डॉलरचा झाला, कारण त्याच्या बाकीच्या बहुतेक प्रती लोकांनी फेकून दिल्या. पोरांनी वाचायचा, दुमडून खिशात घालायचा, मित्राला द्यायचा आणि विसरायचा, एवढेच त्याचे आयुष्य होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घरोघरी फिरून रद्दी कागद गोळा करण्याच्या मोहिमा झाल्या, त्यात असे ढीगच्या ढीग अंक गेले. पुढे १९५४ साली डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले बिघडतात असे सांगणारे पुस्तक लिहिले. त्या सुमारास गावोगावी चित्रकथांच्या होळ्याही पेटल्या. या सगळ्यांतून जे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अंक वाचले, त्यांना आजचे भाव आहेत.

याच गणिताची दुसरी बाजूही अमेरिकेनेच पाहिली. १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी जुन्या अंकांच्या भावांचे पुस्तक काढले आणि छंदाला बाजाराचे रूप आले. नव्वदीच्या सुरुवातीला तर लोक नवे अंकही न वाचता, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर न काढता, 'पोराच्या कॉलेजच्या फीसाठी' म्हणून साठवू लागले. १९९१ साली 'एक्स-मेन'च्या एका नव्या पहिल्या अंकाच्या सुमारे ८० लाख प्रती दुकानांत गेल्या. १९९२ साली सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक निघाला, तोही लोकांनी गठ्ठ्यांनी घेतला. झाले काय? सगळ्यांनीच जपल्यामुळे कोणाच्याच प्रतीला मोल उरले नाही. बाजार कोसळला, शेकडो दुकाने बंद पडली आणि १९९६ च्या डिसेंबरात 'मार्व्हल' कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पुढे २००० सालापासून प्रत तपासून, तिला दहापैकी गुण देऊन, कडक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमची बंद करून देणारी कंपनी निघाली. अशा पेटीतला अंक विकता येतो, भिंतीवर लावता येतो, वाचता मात्र येत नाही.

आता आपल्या माळ्याकडे येऊ.

आपल्याकडे जुन्या साहसी चित्रकथा म्हटल्या की पहिले नाव 'इंद्रजाल'चे. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. इंग्रजीप्रमाणे ती मराठी, हिंदी, बंगाली अशा भाषांतही निघाली. सुरुवातीला महिन्याला एक, मग पंधरवड्याला एक आणि १९८१ पासून दर आठवड्याला एक अंक येऊ लागला. १९९० मध्ये मालिका बंद पडली तोवर आठशेच्या घरात अंक निघाले होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या वेताळाचे होते. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली जन्माला घातलेला 'फँटम' म्हणजे आपला वेताळ. त्याच लेखकाचा मँड्रेक जादूगार त्याहून दोन वर्षांनी मोठा. पुढे रिप कर्बी, फ्लॅश गॉर्डन अशी मंडळी आली आणि १९७६ साली आबिद सुरती यांचा बहादूर आला. भगवा कुर्ता आणि जीन्स घालून डाकूंशी लढणारा, आपल्या मातीतला नायक. पहिल्या काळातली मुखपृष्ठे बी. गोविंद या चित्रकाराने रंगवलेली असत. ती पाहिली की आजही आमच्या वयाच्या माणसांचा हात आपोआप पुढे जातो.

या भाषांतरांत केवळ शब्द बदलले नव्हते. मूळ कथेतला फँटमचा देश 'बंगाला' हे नाव भारतात गोंधळ करणारे, म्हणून इथे तो 'डेंकाली' झाला. चाच्यांच्या टोळीचे मूळ नाव 'सिंग' होते, ते इथे 'सिंगा' झाले. आणि मराठीत फँटमला वेताळ म्हणण्यात तर फारच मोठी जाण होती. फँटम या शब्दाचा कोशातला अर्थ भूत, भास, छाया असा काहीतरी निघेल. पण कोकणात आणि गोव्यात वेताळ हे गावाचे राखण करणारे दैवत आहे. रात्री तो सीमेवरून फेरी मारतो, गावावर नजर ठेवतो, अशी श्रद्धा आहे. जंगलातल्या गुहेत कवटीच्या सिंहासनावर बसून पिढ्यान्‌पिढ्या दुबळ्यांची राखण करणारा बुरखेधारी आणि आपल्या वेशीवरचा राखणदार यांची गाठ ज्या कोणी घालून दिली, त्याला दोन्हीकडची नस सापडली होती. म्हणून तर अमेरिकेत जन्मलेला हा नायक रत्नागिरीच्या किंवा जळगावच्या पोराला कधी परका वाटला नाही.

मला मराठी अंकांची ओढ आहे ती यासाठी. चित्रे जगात कुठेही मिळतील. त्या कथांचे संच अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, स्वीडनमध्ये जपून ठेवलेले आहेत, नव्याने छापलेही जातात. पण त्या चित्रांतल्या माणसांच्या तोंडची मराठी त्या जुन्या अंकांबाहेर कुठेही नाही. फुग्यातल्या इवल्याशा जागेत बसेल, आठ वर्षांच्या पोराला कळेल आणि तरीही गुहेतून आल्यासारखी भारदस्त वाटेल अशी मराठी आठवड्याच्या आठवड्याला लिहिणे सोपे काम नव्हते. ते ज्यांनी केले त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? आमच्या पिढीतली किती मुले पाठ्यपुस्तकाच्या आधी या अंकांतून भराभर वाचायला शिकली, याची कोणी मोजदाद केलेली नाही.

माझा अनुभव असा, की एकाच क्रमांकाच्या चार-पाच इंग्रजी प्रती नजरेखालून जातात तेव्हा कुठे एखादी मराठी प्रत दिसते, तीही बहुधा मुखपृष्ठ गमावलेली. याचे कारण मराठी वाचकाचे दुर्लक्ष नव्हे, उलट त्याचे प्रेमच. मराठी अंक एका घरात राहिलाच नाही. तो शेजारी गेला, मामाच्या गावाला गेला, दोन वेताळांच्या बदल्यात एक मँड्रेक अशा सौद्यांत फिरला, उन्हाळ्याच्या सुटीत गल्लीतल्या फिरत्या वाचनालयातून दिवसाच्या भाड्याने पन्नास हातांतून गेला. शेवटी त्याच्या पुड्या झाल्या.

आता प्रत्यक्ष किमतीबद्दल. ओव्हरस्ट्रीटसारखे सर्वमान्य भावांचे पुस्तक आपल्याकडे नाही. देणारा आणि घेणारा यांचे जिथे जमेल तो भाव. तरी जाणता संग्राहक अंक हातात घेतल्यावर काय पाहतो, हे घरातल्यांना माहीत असलेले बरे. पहिली गोष्ट क्रमांक. अगदी सुरुवातीचे, साठच्या दशकातले अंक सर्वांत दुर्मिळ. पुढच्या काळातल्या अंकांवर खंड आणि अंक अशी दुहेरी नोंद असते, त्यांच्या प्रती तुलनेने जास्त मिळतात. मालिकेत १२३ आणि १२४ हे क्रमांक संपामुळे निघालेच नाहीत. तेव्हा ते 'मिळवून देतो' असे कोणी म्हणाला तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. दुसरी गोष्ट मधले पान. पिनांवर बसलेला मधला जोडकागद सर्वांत आधी निखळतो आणि तो नसला की कथा मध्येच तुटते. म्हणून पाने मोजल्याशिवाय भाव करू नये. तिसरी गोष्ट कात्री. मागच्या पानावरचे कूपन कापलेले आहे का, कोडे सोडवलेले आहे का, वेताळाला पेनाने मिशा काढलेल्या आहेत का, हे सगळे पाहिले जाते. चौथी गोष्ट पिनांचा गंज, आणि पाचवी चिकटपट्टी. फाटलेल्या पानाला लावलेली साधी चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून कागदात मुरते, ती फाटण्यापेक्षा जास्त नुकसान करते.

दुसऱ्या मालिकांबाबत हिशेब थोडा वेगळा होतो. 'अमर चित्र कथा' १९६७ मध्ये सुरू झाली. तिचे अंक वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा छापले गेले, त्यामुळे घरात असलेला 'कृष्ण' किंवा 'शिवाजी' जुना दिसला तरी तो कितव्या छपाईचा आहे हे आधी पाहावे लागते. अंक जुना असणे आणि दुर्मिळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडे गठ्ठा दाखवायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांची निराशा इथेच होते. त्यांना मी स्पष्ट सांगतो, की या गठ्ठ्यावर फ्लॅट येणार नाही. फार तर चार दिवसांची सहल होईल.

कोसबाडला राहणाऱ्या माणसाला या छंदात आणखी एक वैरी असतो, तो म्हणजे हवा. टेकडीवरून पश्चिमेला समुद्र दिसतो, खाली घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या दिसतात, पाहुण्यांना सगळे फार रम्य वाटते. पण तोच खारा ओलावा जून ते सप्टेंबर कपाटात शिरून बसतो. या अंकांचा कागद वर्तमानपत्री, लाकडाच्या लगद्याचा. त्यात अंगचेच आम्ल असते. उजेड आणि दमट हवा मिळाली की तो पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि शेवटी घडीवर तुटतो. त्यात कसर लागली की पानांच्या कडांना नक्षी पडते. माझे उपाय साधे आहेत. अंक जमिनीपासून वर, आडवे आणि थोडेथोडेच रचायचे. भिंतीला टेकवायचे नाहीत. पावसाळ्यात ट्रंक उघडायची नाही, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या. दिवाळीनंतर कोरडी हवा सुटली की सावलीत वारा द्यायचा, उन्हात नाही. आणि लॅमिनेशन कधीही करायचे नाही. उष्णतेने चिकटवलेले ते प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही आणि आतला कागद आतल्या आत कुजत राहतो.

या दमट पट्ट्यात फिरताना एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. सुटे अंक फारसे टिकलेले नाहीत, टिकले आहेत ते बाइंडिंग केलेले. कोणी हौशी वडील, कोणी वाचनालयाचे चिटणीस, दहा-वीस अंक एकत्र शिवून, कडा कापून, वर जाड पुठ्ठा आणि कापडी कणा चढवून ठेवीत. आतल्या पहिल्या पानावर गोल शिक्का, वाचकांनी पाने दुमडू नयेत अशी सूचना आणि मुलाचे नाव-इयत्ता. अमेरिकन मापाने हे सगळे दोष. कडा कापल्या, शिक्का मारला, नाव लिहिले, म्हणजे दहापैकी दोन गुणही मिळायचे नाहीत. पण त्या पुठ्ठ्यानेच ओल अडवली, त्या दोऱ्यानेच मधली पाने धरून ठेवली. बाजार ज्याला खराबी म्हणतो, त्यामुळेच मराठी वेताळ शिल्लक राहिला. तेव्हा आपल्याकडे मोल ठरवताना परदेशी फूटपट्टी जशीच्या तशी लावू नये, हे मी या खंडांकडून शिकलो. शिक्क्यावरचे गाव आणि साल मला तर दागिन्यासारखे वाटते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुठल्या गावात मुलांसाठी वाचनालय चालत होते, याचा तो छापील पुरावा असतो.

आमच्या डहाणू तालुक्याला टाकून दिल्या जाणाऱ्या आणि जपल्या जाणाऱ्या गोष्टींचा वेगळा अनुभव आहे. वारली घरात लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढला जाई तो त्या लग्नापुरता. सवाष्णींनी काढायचा, पूजायचा, मग पुढच्या सारवणात तो जायचा. तो जपून ठेवावा असे कोणाला वाटले नाही, कारण काढणारे हात घरात होते. सत्तरच्या दशकात हीच चित्रे कागदावर आणि कापडावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचे नाव जगभर गेले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज वारली चित्रांना खरेदीदार आहेत, दलाल आहेत आणि नकलाही आहेत. भिंतीवरची कला पुसली गेली तरी परत येते, कारण ती हातांत आणि गाण्यांत राहते. छापील अंकाचे तसे नाही. त्याची शेवटची प्रत गेली की त्यातली भाषा कोणाच्या हातातून परत उमटणार नाही.

आणि कोसबाडच्या टेकडीवर राहून 'टाकाऊ' हा शब्द सहज उच्चारता येत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते या टेकडीवर आणले. त्यांच्या बालवाड्यांत शिक्षणाची साधने म्हणजे बिया, शिंपले, खडे, पाने, म्हणजे इतरांच्या लेखी केरच. मुलाच्या हातात गेल्यावर वस्तूचे मोल बदलते, हे त्या दोघींनी आयुष्यभर दाखवून दिले. पिवळ्या पडलेल्या चित्रकथेला हीच कसोटी लावायला काय हरकत आहे?

मग करायचे काय? सरकारी कायदा आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांनी आपल्या पुस्तकांच्या, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर नियतकालिकांच्याही, प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबईसारख्या ठिकाणच्या ठरावीक ग्रंथालयांना द्यायच्या असतात. पण मुलांच्या स्वस्त अंकांकडे ग्रंथ म्हणून पाहण्याची सवय आपल्याला फार उशिरा लागली. एरवी हौशी वाचकांनीच जमेल तसा हा ठेवा सांभाळला आहे. तेव्हा माळ्यावर गठ्ठा निघाला तर घाई करू नये. आधी पुसून, क्रमांकाप्रमाणे लावून एक साधी यादी करावी. क्रमांक, साल, कथेचे नाव, पाने पूर्ण आहेत की नाहीत. या यादीला काही खर्च येत नाही आणि विकायचे ठरले तरी तिच्यामुळे फसवणूक टळते. मराठी अंक असतील तर इंग्रजी अंकांत मिसळून घाऊक भावात देऊ नयेत. गावच्या वाचनालयाला द्यायचे तर तिथे कपाट आणि ते उघडणारा माणूस, दोन्ही आहेत ना हे पाहून द्यावेत.

एवढे सगळे करण्याआधी आणखी एक करावे. त्यातला एखादा अंक घरातल्या नातवंडाच्या हातात द्यावा. मोबाइल बाजूला ठेवून ते वाचेलच असे नाही. पण चित्रांकडे बघत बघत त्याने "आजोबा, डेंकाली कुठे आहे?" असे विचारले, तर गठ्ठ्याचा भाव विचारायला बाजारात जायची घाई राहणार नाही. फक्त पाने उलटताना हात कोरडे असू द्यावेत, एवढे मात्र त्याला सांगावे.